उच्च दर्जाचा प्रीअ‍ॅम्प निवडताना: आधी कागदावर, मग कानाने

स्पीकर आणि पॉवर अ‍ॅम्प मनासारखे जमले, की बहुतेक श्रोत्यांचे लक्ष सोर्स (सीडी प्लेअर, ग्रामोफोन असे सिग्नल देणारे यंत्र) आणि स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प यांच्यामध्ये बसणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे प्रीअ‍ॅम्पकडे वळते, आणि इथेच निवडीचा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी एखादे यंत्र डोळ्यांत भरते, मग त्याची वर्णने वाचली जातात, आणि ते घरी येऊन जोडल्यावर कळते की मागच्या सोर्सशी आणि पुढच्या अ‍ॅम्पशी त्याचे जमत नाही. प्रीअ‍ॅम्प एकटा कधीच वाजत नाही. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचे आकडे हाती नसतील, तर तो चांगला की वाईट हा प्रश्न अर्धवटच राहतो. म्हणून या लेखातील पहिल्या काही पायऱ्या कागद, पेन आणि माहितीपत्रके घेऊन बसण्याच्या आहेत. ऐकण्याची पायरी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, कारण जे यंत्र कागदावरच बसत नाही ते ऐकण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

पायरी १: प्रीअ‍ॅम्प लागतो का, हे ठरवा

प्रीअ‍ॅम्पकडे चार कामे असतात: सोर्स निवडणे, आवाज कमी-जास्त करणे, गरज असेल तर सिग्नल वाढवणे, आणि पुढची केबल व पॉवर अ‍ॅम्प सहज पेलेल असा आउटपुट देणे. यांतले सिग्नल वाढवण्याचे काम जुन्या काळाची गरज होती. ग्रामोफोनच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम काही मिलिव्होल्ट निघत, म्हणून १९५८ साली आलेल्या मॅरँट्झ मॉडेल ७ सारख्या प्रीअ‍ॅम्पमध्ये सिग्नल वाढवणे हेच मोठे काम होते. १९८२ साली सीडी आली आणि तिच्याबरोबर २ व्होल्टचा आउटपुट रूढ झाला. गरज बदलली, पण अनेक रचनांमधला गेन (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) मात्र जुन्याच मापाचा राहिला. पुढच्या पायरीत याचे परिणाम दिसतील.

आपल्याकडे एकच डिजिटल सोर्स असेल आणि त्याच्या डॅकमध्येच (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनलॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या भागातच) व्होल्यूम असेल, तर डॅक थेट पॉवर अ‍ॅम्पला जोडून काही आठवडे ऐकावे. जोडण्यापूर्वी व्होल्यूम अगदी खाली आहे याची खात्री करावी, कारण सॉफ्टवेअर अडखळून पूर्ण २ व्होल्ट अ‍ॅम्पकडे गेले तर स्पीकरला इजा होऊ शकते. आवाज, सोय आणि शांतता या तिन्ही बाबतीत समाधान झाले, तर प्रीअ‍ॅम्पचे पैसे स्पीकरवर किंवा खोलीच्या ध्वनिसुधारणेवर खर्च करणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र डिजिटल व्होल्यूमची एक मर्यादा समजून घ्यावी. व्होल्यूम खाली आणला की संगीत कमी होते, पण डॅकच्या अ‍ॅनलॉग भागाची सूक्ष्म खरखर तेवढीच राहते. १२० डेसिबल (पातळीतला फरक मोजण्याचे माप) सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे संगीत आणि खरखर यांच्यातले अंतर, असलेला डॅक ४० डेसिबल खाली आणला, तर प्रत्यक्षात ८० डेसिबलच उरतात. डॅकनंतर अ‍ॅनलॉग व्होल्यूम असेल, तर संगीत आणि डॅकची खरखर दोन्ही एकत्र खाली येतात. अनेक सोर्स असणारे, ग्रामोफोन ऐकणारे, लांब केबल वापरणारे आणि रात्री हलक्या आवाजात ऐकणारे, या सर्वांना चांगल्या प्रीअ‍ॅम्पचा खरा उपयोग आहे.

पायरी २: गेनचा हिशेब करा

पॉवर अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात गेन किंवा इनपुट सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीसाठी इनपुटला लागणारे व्होल्ट) यांपैकी एक आकडा असतोच. ८ ओहममध्ये १०० वॉट देण्यासाठी अ‍ॅम्पला स्पीकरच्या टोकांशी सुमारे २८.३ व्होल्ट द्यावे लागतात. अ‍ॅम्पचा गेन २९ डेसिबल, म्हणजे साधारण २८ पट असेल, तर त्यासाठी इनपुटला १ व्होल्ट पुरतो. डॅक तर आधीच २ व्होल्ट देतो आहे. याचा अर्थ प्रीअ‍ॅम्पचा गेन शून्य डेसिबल असला, म्हणजे त्याने सिग्नल न वाढवता तसाच पुढे दिला, तरी आपल्या हाती गरजेपेक्षा ६ डेसिबल जास्त आहेत.

आता याच साखळीत २० डेसिबल गेनचा प्रीअ‍ॅम्प बसवला, तर पूर्ण व्होल्यूमला तो २ व्होल्टचे २० व्होल्ट करू पाहील. गरजेपेक्षा हे २६ डेसिबल जास्त झाले. त्यातच रोजच्या ऐकण्यात अ‍ॅम्पच्या पूर्ण ताकदीचा शंभरावा भागही सरासरीने लागत नाही, म्हणजे आणखी किमान २० डेसिबल कमी करावे लागतात. परिणामी नॉब जेमतेम हलवला की खोली भरते, आणि सगळे ऐकणे नॉबच्या पहिल्या पाव फेरीत आटोपते. नॉबचा हाच भाग सर्वांत सदोष असतो. शिवाय आधी दाबून मग वाढवलेल्या सिग्नलबरोबर प्रीअ‍ॅम्पची स्वतःची खरखरही स्पीकरपर्यंत पोहोचते.

उलट बाजूही तपासावी. अलीकडच्या काही क्लास डी अ‍ॅम्पचा गेन १३ डेसिबलच्या आसपास असतो. तिथे १०० वॉटसाठी सुमारे ६.३ व्होल्ट लागतात, म्हणजे २ व्होल्टच्या सोर्सपुढे प्रीअ‍ॅम्पने १० डेसिबल गेन द्यायलाच हवा, आणि तेवढे व्होल्ट विकृतीशिवाय देण्याची त्याची तयारीही हवी. सर्वसाधारण डिजिटल साखळीसाठी ० ते ६ डेसिबल, ग्रामोफोनच्या फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा सूक्ष्म सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) आउटपुट कमी असेल तर १२ डेसिबलपर्यंत, असे धोरण ठेवावे. आतल्या स्विचने गेन बदलता येत असेल, तर त्या सोयीला मी चकचकीत पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त गुण देईन, कारण उद्या अ‍ॅम्प बदलला तरी प्रीअ‍ॅम्प बदलावा लागत नाही.

पायरी ३: इम्पीडन्स जुळवा

पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा, हा नियम सर्वांना माहीत असतो; पण त्यातली मेख पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माहितीपत्रकातला आउटपुट इम्पीडन्स बहुधा १ किलोहर्ट्झवरचा असतो. ज्या प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला कपॅसिटर (स्थिर व्होल्टेज, म्हणजे डीसी, अडवून सिग्नल जाऊ देणारा भाग) असतो, आणि बहुतेक व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) प्रीअ‍ॅम्पमध्ये तो असतो, त्यांचा इम्पीडन्स खालच्या सुरांकडे वाढत जातो.

हे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्याकडे आलेल्या एका व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पमध्ये आवाजाचा मध्यभाग विलक्षण जिवंत होता, पण खालचे सूर पातळ वाटत होते. मी स्पीकर भिंतीकडे सरकवले, केबल बदलल्या, स्टँड बदलले, आणि यात दोन महिने गेले. शेवटी झाकण उघडून पाहिले तेव्हा आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, आणि माझ्या पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स होता १० किलोओहम. या जोडीत ३४ हर्ट्झवर सिग्नल ३ डेसिबलने पडतो, आणि ६८ हर्ट्झलाच जवळपास १ डेसिबल गेलेला असतो. तोच प्रीअ‍ॅम्प १०० किलोओहमच्या अ‍ॅम्पला जोडला असता, तर ही पडझड ३.४ हर्ट्झवर गेली असती आणि कोणाच्याही कानी आली नसती. यंत्रात दोष नव्हता, जोडी चुकली होती.

त्यामुळे विक्रेत्याला किंवा निर्मात्याला दोन गोष्टी नेमक्या विचाराव्यात: २० हर्ट्झला आउटपुट इम्पीडन्स किती, आणि कमीत कमी किती किलोओहमच्या अ‍ॅम्पसाठी ही रचना केली आहे. वेगळा सबवूफर किंवा दुसरा अ‍ॅम्प समांतर जोडायचा असेल, तर दोघांचा एकत्रित इम्पीडन्स धरावा. १० आणि २० किलोओहम एकत्र आले की ६.७ किलोओहमच उरतात.

ज्यात कोणतेही वर्धन नसते अशा पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्पबद्दल इथेच बोलायला हवे. १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा (नॉबने बदलता येणाऱ्या रोधकाचा) आउटपुट इम्पीडन्स सर्वांत वाईट स्थितीत २.५ किलोओहम, तर ५० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा १२.५ किलोओहम होतो. केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटर केबलवर पहिल्याची वरची मर्यादा सुमारे १२७ किलोहर्ट्झ राहते आणि दुसऱ्याची २५ किलोहर्ट्झपर्यंत घसरते, म्हणजे तिचा परिणाम ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाणवू लागतो. केबल मीटरभराची, सोर्स दमदार आणि अ‍ॅम्प पुरेसा संवेदनशील असेल, तर चांगला पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प अतिशय स्वच्छ वाजतो. या तीनपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ४: व्होल्यूमची रचना पारखा

संपूर्ण प्रीअ‍ॅम्पमध्ये सर्वांत बारकाईने पाहण्याजोगा भाग कोणता, असे विचारले तर मी व्होल्यूम असेच उत्तर देईन. आपण रोज हात लावतो तो हाच भाग, आणि डाव्या-उजव्या चॅनेलचा तोल सांभाळतो तोही हाच.

साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये एकाच दांड्यावर दोन रोधक पट्ट्या असतात आणि त्यांच्यावरून दोन संपर्क फिरतात. दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या बनवणे कठीण असल्यामुळे तळाच्या भागात दोन चॅनेलमध्ये एक-दोन डेसिबलचा फरक सहज पडतो. दिवसा हा फरक जाणवत नाही. रात्री घर निजल्यावर नॉब अगदी खाली असतो, तेव्हा मात्र दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभी वाटणारी गायिका हातभर डावीकडे सरकते, आणि नॉब किंचित वर नेला की पुन्हा मध्ये येते.

याची परीक्षा सोपी आहे. एकट्या आवाजाचे मोनो ध्वनिमुद्रण लावावे, दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर बसावे, डोळे मिटावेत आणि दुसऱ्या कोणाला नॉब अगदी तळापासून सावकाश वर न्यायला सांगावे. आवाज वाढत गेला पाहिजे, पण जागचा हलता कामा नये. जो प्रीअ‍ॅम्प आपल्या रात्रीच्या पातळीला या परीक्षेत नापास होतो, तो बाकी कितीही गुणी असला तरी मी घेणार नाही.

पोटेन्शिओमीटरला पर्याय अनेक आहेत. निश्चित रोधकांचा टप्प्याटप्प्याचा स्विच दोन्ही चॅनेलमध्ये उत्तम जुळतो, पण २४ टप्प्यांच्या स्विचमध्ये दोन टप्प्यांतले अंतर बरेचदा २ डेसिबल किंवा जास्त असते, आणि हवी असलेली पातळी नेमकी दोहोंच्या मध्ये पडते. रिले (विजेने चालणारे छोटे स्विच) आणि रोधकांच्या रचनेत प्रत्येक चॅनेलला सहा रिले वापरून १ डेसिबलच्या ६४ पायऱ्या मिळतात, सात वापरून अर्ध्या डेसिबलच्या १२८. जुळणी उत्कृष्ट असते आणि रिमोटही सहज देता येतो. फक्त नॉब फिरवताना रिलेंची टकटक ऐकू येते, आणि काही रचनांमध्ये पायरी बदलताना स्पीकरमधूनही बारीक 'टिक' येते. ही दुसरी 'टिक' संगीत चालू असताना हेडफोनइतक्या जवळून तपासून घ्यावी.

व्होल्यूमच्या खास चिप्सना काही श्रोते नाके मुरडतात. मला हा पूर्वग्रह पटत नाही. चांगल्या चिपमध्ये चॅनेलमधला फरक डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, आणि आजूबाजूची रचना नीट असेल तर विकृतीही नगण्य असते. ट्रान्सफॉर्मरच्या टॅप्सवर (वेटोळ्यांतून मध्येच काढलेल्या जोडण्यांवर) चालणारा व्होल्यूम ही मात्र वेगळीच चीज आहे. तो सिग्नल उष्णतेत न घालवता व्होल्टेज उतरवतो, आणि त्यामुळे आवाज जितका कमी तितका आउटपुट इम्पीडन्सही कमी होत जातो. मात्र त्याला कमी इम्पीडन्सचा सोर्स लागतो, आणि तो शेजारच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून घरघर उचलू शकतो, म्हणून त्याची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते.

पायरी ५: खरखर स्पीकरच्या हिशेबात मोजा

माहितीपत्रकातला सिग्नल-टू-नॉइज आकडा कोणत्या पातळीला मोजला आहे, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. त्याऐवजी आउटपुटवरची खरखर मायक्रोव्होल्टमध्ये विचारावी. समजा ती २० मायक्रोव्होल्ट आहे आणि पॉवर अ‍ॅम्प ती २८ पट वाढवतो. स्पीकरपाशी ०.५६ मिलिव्होल्ट पोहोचले. २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरमधून ही खरखर सुमारे १४ डेसिबल होते, आणि कोणत्याही राहत्या खोलीच्या शांततेत ती बुडून जाते. तेच स्पीकर १०५ डेसिबलचे हॉर्न असतील, तर ती ३१ डेसिबल होते आणि शांत खोलीत ऐकू येते. म्हणून हॉर्न वापरणाऱ्यांनी ही पायरी दुसऱ्या पायरीइतकीच गंभीरपणे घ्यावी.

प्रत्यक्ष तपासताना संगीत बंद करावे आणि ट्वीटरजवळ (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ) कान न्यावा. नॉब फिरवला तरी खरखर तेवढीच राहिली, तर ती व्होल्यूमनंतरच्या भागातून किंवा पॉवर अ‍ॅम्पमधून येते आहे. नॉबबरोबर वाढली, तर सोर्स किंवा इनपुटच्या भागातून.

पायरी ६: बॅलन्स्ड जोडणी

मागे एक्सएलआर (तीन पिनांचे) सॉकेट आहे म्हणजे आतली रचना बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांवरून एकमेकांच्या उलट सिग्नल नेणारी, आहे असे नाही. काही यंत्रांत ते केवळ सोयीसाठी दिलेले असते. बॅलन्स्ड जोडणीचा खरा फायदा लांब केबलवर आणि घरघरीचा त्रास असलेल्या घरात मिळतो. त्यासाठी दोन्ही तारांचा जमिनीसापेक्ष (ग्राउंडसापेक्ष) इम्पीडन्स सारखा असावा लागतो, आणि केबलची शील्ड थेट धातूच्या पेटीला जोडलेली असावी लागते. शील्ड पेटीऐवजी आतल्या सर्किटच्या जमिनीला जोडली, की तीच घरघर आत आणते; ध्वनितंत्रज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष सविस्तर मांडला आणि तो 'पिन १ चा दोष' म्हणून ओळखला जातो.

मीटर-दोन मीटर अंतरासाठी साधी आरसीए जोडणी पुरेशी आहे. घरघर असेलच, तर ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंग पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो. तसे कधीही करू नये.

पायरी ७: फोनो आणि बाकीच्या सोयी

ग्रामोफोन ऐकत असाल, तर फोनो स्टेज आतलाच हवा की वेगळा, हे आधी ठरवा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार आणि ४० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबल किंवा जास्त. १९५४ पासून रूढ झालेली आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्डवर मुद्दाम कमी-जास्त केलेले सूर वाजवताना पूर्ववत करणारी) खालचे सूर जवळपास २० डेसिबल उचलते, म्हणून मेन्सची (घरच्या वीजपुरवठ्याची) घरघर इथे सर्वांत आधी डोके वर काढते. कार्ट्रिज वारंवार बदलणाऱ्याने वेगळा फोनो स्टेज घ्यावा.

होम थिएटरशी जोडायचे असेल तर बायपास इनपुट (व्होल्यूमला वळसा घालून सिग्नल थेट पुढे नेणारा), सबवूफर असेल तर दुसरा आउटपुट, आणि प्रत्येकाला रिमोट व मोनो स्विच, एवढे पाहावे. मोनो स्विच आज दुर्मिळ झाला आहे, याची मला मनापासून खंत वाटते; जुनी मोनो ध्वनिमुद्रणे त्याशिवाय खुलत नाहीत.

पायरी ८: व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर

वर सांगितलेले हिशेब जुळत असतील, तर दोन्ही प्रकारांत उत्तम यंत्रे मिळतात. व्हॉल्व्ह घेणाऱ्याने १२एएक्स७, १२एयू७, ६९२२ किंवा ६एसएन७ असे सहज मिळणारे प्रकार वापरलेले आहेत ना, हे पाहावे. व्हॉल्व्ह झिजतात, आणि काही व्हॉल्व्ह माइकसारखे वागतात: पेटीवर बोटाने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखा नाद येतो. तो टिचकीबरोबरच विरला तर ठीक. रेंगाळला तर तो व्हॉल्व्ह बदलून मागावा. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात आउटपुटवरचे डीसी तपासावे. तिथले २० मिलिव्होल्टही, डीसी जाऊ देणाऱ्या अ‍ॅम्पमधून २८ पट होऊन अर्ध्या व्होल्टहून अधिक बनते आणि सतत स्पीकरवर बसून राहते.

पायरी ९: आता ऐका, पण पातळी जुळवून

दोन प्रीअ‍ॅम्पची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि तो मोठा आहे हे मात्र जाणवत नाही. म्हणून ४०० हर्ट्झचा स्थिर सूर हलक्या पातळीवर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे, आणि दोन्ही यंत्रे एक टक्क्याच्या आत जुळवावीत. एक टक्का म्हणजे डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. साध्या मल्टिमीटरचे एसी मापन वरच्या सुरांवर चुकते, म्हणून ४०० हर्ट्झच बरे. यंत्रे बदलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे आणि कोणते वाजते आहे हे आपल्याला कळू देऊ नये.

याहून कठोर परीक्षा म्हणजे प्रीअ‍ॅम्पची तुलना प्रीअ‍ॅम्प नसण्याशी करणे. व्होल्यूम असलेला डॅक थेट अ‍ॅम्पला जोडून आपल्या नेहमीच्या पातळीवर ऐकावे. मग डॅकचा व्होल्यूम तसाच ठेवून मध्ये प्रीअ‍ॅम्प आणावा, आणि मल्टिमीटरच्या मदतीने स्पीकरवरचे व्होल्टेज पूर्वीइतकेच करावे. आता जो फरक ऐकू येईल तो प्रीअ‍ॅम्पचा आहे. फरक ऐकू आला नाही, तर यंत्र आपले काम चोख करते आहे. आला, तर तो आपल्याला महिनोन् महिने आवडेल का, एवढाच प्रश्न उरतो. दुकानातल्या खोलीत याचे उत्तर मिळत नाही, म्हणून घरी नेऊन ऐकण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुदत लेखी घ्यावी.

पायरी १०: स्पीकर जोडण्यापूर्वी

जुने यंत्र घेत असाल, तर मेन्स व्होल्टेज आपल्या देशाचेच आहे का ते मागच्या पट्टीवर पाहावे, नॉब फिरवताना कर्कर येते का ते ऐकावे, आणि वीस वर्षांहून जुन्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. सुरू करताना पॉवर अ‍ॅम्प सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

वीज जाताना मात्र हा क्रम कोणी पाळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी अ‍ॅम्पला एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडावा, व्होल्यूम तळाशी ठेवावा, अ‍ॅम्प चालू असतानाच प्रीअ‍ॅम्पचा प्लग भिंतीतून ओढावा आणि स्पीकरच्या शंकूकडे पाहावे. अर्ध्या मिनिटाने प्लग पुन्हा लावून तेच पाहावे. दोन्ही वेळा शंकू जागचा हलला नाही आणि बारीक 'टक'पलीकडे काही ऐकू आले नाही, तरच नेहमीचे स्पीकर जोडावेत.